तिसऱ्या फेऱ्याला ढोलकी

पडद्यामागून बेंजो वाजला आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. चोवीस वर्षांनी तोच हात, तीच तार! मी खुर्चीवरून उठलो, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली आणि जीव खाऊन ओरडलो, “वन्स मोर!”

पडदा जरासा बाजूला झाला. आत साउंडवाला होता, एकटाच, हातात अर्धा वडापाव. बेंजो वाजत होता पेन ड्राइव्हवरून, कुणाच्या तरी जुन्या कॅसेटवरनं उतरवून घेतलेला. कार्यक्रम चारचा. घड्याळात वाजले होते सव्वातीन, आणि चाललं होतं ते टेस्टिंग. साउंडवाला मात्र भला माणूस. त्याने मान डोलावली आणि माझ्या एकट्यासाठी तेच पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मैदानात तोवर चाळीसेक माणसं जमली असतील. सगळी वळून माझ्याकडे बघत होती. बायको उठली, पिशवी उचलली आणि तीन खुर्च्या सोडून पलीकडे जाऊन बसली.

“अगं, पण हुबेहूब तोच हात वाटला...”

“हात ऱ्हाऊ द्या. दात सांभाळा,” ती म्हणाली. “बसवलेला हाय तो. शिट्टीबरोबर स्टेजवर जायचा.”

मी बसलो. पण शिट्टी जिथे पोचायची तिथे पोचली होती. पडद्याच्या दुसऱ्या टोकातून एक पांढरं डोकं बाहेर आलं, भुवयांवर हात धरून त्याने खुर्च्या न्याहाळल्या आणि नजर माझ्यावर येऊन थांबली. ढोलकीवाले आबा. त्यांनी हात वर केला. आशीर्वाद होता की ‘थांब, बघतो तुला’ होतं, ते काही कळलं नाही. मी मात्र खुर्चीत खाली सरकलो. त्याचं कारण सांगायचं तर चोवीस वर्षं मागे जायला हवं.

आमच्या शहापूर-मुरबाडकडे तेव्हा लग्न म्हणजे हळद आणि हळद म्हणजे बेंजो. लग्नाला माणूस आला नाही तर चालायचं, हळदीला यायलाच हवा. त्यात ही पार्टी सगळ्यांत नामी. दोन चुलतभाऊ. थोरला बेंजो वाजवायचा, त्याला सगळे दादा म्हणायचे. धाकटा ढोलकीवर, तेव्हाही त्याला आबाच म्हणायचे, कारण केस विशीतच पिकले होते. सोबत कॅसिओ, ताशा आणि खुळखुळा. पण खुळखुळेवाल्याचं नाव विचारायला कोणी हळदीला जात नसे. लोक यायचे ते या दोघांची जुगलबंदी ऐकायला.

त्यांची एक चाल होती, हळद चढवायची. दादा एकटेच सुरू करायचे, अगदी हळू, आमच्याकडच्या जुन्या बायका मांडवात गातात त्या धवळ्यांच्या वळणावर. पहिला फेरा नुसता बेंजो. दुसरा फेरा नुसता बेंजो. सगळा मांडव श्वास धरून उभा. आणि तिसऱ्या फेऱ्याला आबांची ढोलकी पडायची. ती अशी पडायची की ज्यांनी आयुष्यात अंग हलवलं नाही, ते तलाठीसुद्धा हलायचे.

या पार्टीला सांगायची पद्धत साधी होती. नारळ आणि सुपारी हातात ठेवायची. सुपारी हातात घेतली की तो शब्द. मग घरी कोणी आजारी असो, पूल वाहून जावो, ज्याने सुपारी घेतली त्याने त्या मांडवात उभं राहायचं म्हणजे राहायचं. फक्त सुपारी घेण्याआधी दादांच्या ओटीवरचं कॅलेंडर बघायचं, हा पार्टीचा नियम. तारखेभोवती लाल गोल असेल तर गडी बोलून बसलेत. गोल नसेल तर मोकळे.

माझं लग्न ठरलं तेव्हा तानसाकडच्या आमच्या गावात मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की हळदीला हीच पार्टी येणार. सांगितलं आधी, आणि सुपारी द्यायला निघालो नंतर. हा माझा स्वभावच आहे. दादा घरी नव्हते. त्यांच्या म्हाताऱ्या आईने पाणी दिलं. पाणी पिता पिता मी कॅलेंडर पाहिलं. माझ्या हळदीच्या तारखेला लाल गोल होता, आणि गोलाच्या खाली गावाचं नाव. गाव मुरबाड तालुक्यातलं. माझ्या होणाऱ्या सासरचं.

म्हणजे माझ्या मेव्हण्याने आधीच सुपारी दिलेली. नवरीच्या हळदीची. हळद दोन्हीकडे एकाच संध्याकाळी, आणि मध्ये दीड तासाचा रस्ता.

शहाण्या माणसाने तांब्या खाली ठेवून घरी जायचं. मीही तांब्या खाली ठेवला. पण घरी गेलो नाही. आबा वेगळ्या पाड्यावर राहायचे, तिथे गेलो आणि सुपारी त्यांच्या हातावर ठेवली.

“कॅलेंडर बघितलास रे?” त्यांनी विचारलं.

“बघूनच आलोय,” मी म्हणालो. “मोकळंय.”

आता पन्नाशी उलटल्यावर मी स्वतःला विचारतो, की बाबा, तुझ्या डोक्यात होतं तरी काय? तर खरं सांगतो, डोक्यात असं होतं की नवरीकडच्यांना बेंजो लागतोच कशाला? तिकडे नुसती रडारड असते. शिवाय पार्टी आमच्याकडे सहाला वाजवेल, मग टेम्पोत बसून तिकडे नवाला वाजवेल. मी हायस्कुलात लिपिक आहे. तारखा आणि वेळा नीट लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, हे इथे मुद्दाम सांगून ठेवतो.

हळदीच्या दिवशी शहापूरला टेम्पोपाशी दोघा भावांची जुंपली. “कॅलेंडर न बघता सुपारी घेतलीस कशी?” दादा म्हणाले. “बघितला होता,” आबा म्हणाले. “गोल दिसला नाय? आंधळा हायस?” एवढं झालं, आणि शब्दाला शब्द लागत गेला. पण सुपारी दोघांच्या हातात होती, आणि शब्द म्हणजे शब्द. दादा बेंजो आणि कॅसिओ घेऊन मुरबाडकडे गेले. आबा ढोलकी आणि ताशा घेऊन माझ्याकडे आले. पार्टी मधोमध फुटली, ती तिथे.

माझ्या हळदीला नुसती ढोलकी. गाव अर्धा तास नाचलं, मग एक म्हातारा म्हणाला, “ताल हाय रे, पण सूर कुठंय?” तेव्हा अंगभर हळद लावलेल्या नवरदेवाने, म्हणजे मीच, पाटावर बसून तोंडाने ‘टिंगटिंग टिणींग’ असा बेंजो वाजवला. त्याचा फोटो आहे. बायको तो पाहुण्यांना दाखवते.

तिकडे तिच्या हळदीला नुसता बेंजो. दादांनी हळद चढवायची चाल सुरू केली. पहिला फेरा झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला ढोलकी पडायची तिथे काहीच पडलं नाही. मांडवात सगळ्या बायका नाचायच्या तयारीत पदर खोचून उभ्या, आणि पायाखाली तालच नाही. तेव्हा माझ्या सासूबाईंनी चुलीपाशी पडलेली पितळी परात उचलली आणि तळहाताने ताल धरला. तास-दीड तास धरला. नाचल्या सगळ्याजणी. सासूबाई तेवढ्या नाचल्या नाहीत, कारण परात खाली ठेवली की ताल बंद. दुसऱ्या दिवशी लग्नात त्यांच्या दोन्ही हातांना फोड होते. अक्षता टाकताना मी ते पाहिले. पाहिले आणि गप्प बसलो.

सासूबाई जाऊन आता सहा वर्षं झाली. परात आमच्याकडे आहे. ती बायकोने मागून आणली, बाकी काही मागितलं नाही. ही गोष्ट तिने आमच्या लेकीला इतक्या वेळा सांगितली आहे की लेकीला ती पाठ आहे, आणि दर वेळी शेवटचं वाक्य ठरलेलं: “त्या ढोलकीवाल्यानं खोटा बोलून दुसरी सुपारी घेतली. म्हणून माझी आई तिच्या लेकीच्या हळदीत नाचली नाय.”

मी दर वेळी याच वाक्याला उठून पाणी प्यायला जातो.

तर अशा या दोघांचं पुन्हा जुळलं ते डोळ्यांच्या शिबिरात, असं म्हणतात. दोघांनाही मोतीबिंदू. एकाच दिवशी एकाच बाकावर बसवले होते, एकेका डोळ्यावर पट्टी. आणि बसले असे की दोघांच्या पट्ट्या एकमेकांच्या बाजूला. शेजारी कोण आहे ते दिसेना. आबा कंटाळून बाकावर बोटं वाजवायला लागले. पलीकडचा माणूस ऐकता ऐकता ताठ झाला आणि म्हणाला, “आंगठा अजून उशिरा पडतोय तुझा.” चोवीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. मग दोघे वॉर्डात इतके रडले की नर्स ओरडली, टाके जातील म्हणून. खरं-खोटं देव जाणे. पण मी ज्या ज्या माणसाकडून ही गोष्ट ऐकली, तो प्रत्येक जण त्या वेळी त्या बाकावर तिसरा बसलेला होता.

कार्यक्रम ठरला किन्हवलीच्या मैदानावर, कारण किन्हवली शहापूरला जवळ आणि मुरबाडलाही फार लांब नाही. वेळ रविवारी चार ते सात. लेकीने मोबाइलवर जाहिरात दाखवली तेव्हा बायको म्हणाली, “जाऊया. दादांचा बेंजो ऐकायचाय मला.” आणि जरा थांबून, “दुसऱ्यासाठी मी टाळी वाजवणार नाय.”

साडेचारपर्यंत मैदान भरलं. गंमत म्हणजे खुर्च्या कोणी वाटून दिल्या नव्हत्या, तरी लोक आपोआप दोन बाजूंना बसले. पार्टी फुटल्यावर दादांनी मुरबाडकडे वेगळी पार्टी काढली होती आणि आबांनी शहापूरकडे. त्यामुळे डावीकडे मुरबाडची बेंजोवाली माणसं, उजवीकडे शहापूरची ढोलकीवाली. मध्ये मोकळी वाट, लग्नात वरपक्ष-वधूपक्षाच्या मध्ये असते तशी. बायको डावीकडे तिच्या भावाशेजारी जाऊन बसली. मी जावई म्हणून तिच्या मागे गेलो. उजवीकडून आमच्या गावातला एक जण ओरडला, “काय रे, पार्टी बदललीस?”

माझा मेव्हणा म्हणजे सरळ माणूस. त्याने पिशवीतून वालाच्या शेंगा काढल्या, माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाला, “भावजी, तुमी शिट्टी मारली म्हनं. टेस्टिंगला.”

“तुला कोणी सांगितलं?”

“चहावाल्यानं. त्याला ऊसवाल्यानं.”

मग पडदा गेला. दादा खुर्चीवर बसलेले, बेंजो पुढ्यात. आबा शेजारी, मांडीत ढोलकी. दोघेही साठी ओलांडलेले, दोघांनाही काळे चष्मे. आणि मग जे झालं ते मला नीट लिहिता येणार नाही, पण बघितलं तेवढं सांगतो. माझ्या पुढच्या रांगेत एसटीतून रिटायर झालेला एक कंडक्टर होता, गुडघ्याला पट्टा. त्याने घरी सांगितलं होतं की मी फक्त बसून ऐकणार. पहिल्या गाण्याच्या पहिल्या ओळीला तो पट्टा सोडून खुर्चीखाली ठेवला त्याने. दुसऱ्या ओळीला तो मधल्या वाटेत होता. त्याची बायको ओरडत होती, “अवो, पट्टा!” आणि तो ओरडत होता, “टिकीट फाडलाय, आता उतरत नाय!”

एका बाईने मोबाइल वर धरून पूर्ण पंधरा मिनिटं रडत रडत चित्रण केलं, आणि नंतर बघितलं तर कॅमेरा उलटा, सगळं तिचं स्वतःचंच रडणं. तीही पुन्हा बघत बसली. म्हणाली, “चांगला आलाय की.”

आमच्या मागे एक जाणकार होते. असा एक प्रत्येक कार्यक्रमाला असतो. ते दर गाण्याला सांगायचे, “नाय. पयल्यासारखा नाय ऱ्हायला. आंगठा उशिरा पडतोय.” चौथ्या गाण्याला ते हेच वाक्य नाचत नाचत सांगत होते.

हळूहळू मधली वाट बुजली. डावीकडचे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे. चाळीस-पन्नास वर्षांची माणसं एकमेकांना ढकलत, चप्पल हरवत, घामाने भिजत, आणि प्रत्येक जण शेजारच्याला सांगतोय की माझ्या हळदीला हेच होते. एवढ्या सगळ्यांच्या हळदीला हे दोघे गेले असते, तर त्यांना जेवायलाही वेळ मिळाला नसता.

बसून होते ते दोघंच. मी आणि बायको. तिचे पाय खुर्चीखाली ताल धरत होते, ते मी बघत होतो. पण बेंजो संपला की ती टाळी वाजवायची आणि ढोलकीचा तुकडा संपला की हाताची घडी. अंगणवाडीत तीस पोरांना एका तालात टाळ्या वाजवायला लावणारी बाई ही. तिला तो ताल कळत नव्हता असं कसं म्हणू? कळत होता, म्हणूनच घडी इतकी घट्ट होती.

पाच-सहा गाण्यांनंतर दादांनी माइक हातात घेतला.

“लोक आमाला विचारतात, तुमी फुटलात कशापायी?” ते म्हणाले. “सांगून टाकतो. बाईबिई काय नव्हती.” हशा. “आमच्या या आबानं कॅलेंडर न बघता सुपारी घेतली. वर मला सांगतो, बघितला होता! चोवीस वर्षं मी मानसांकरवी निरोप धाडला, भावा, एकदा कबूल कर, चुकला म्हन. नाय म्हनला. आता डोळे बदललेत, म्हनलो जाऊ दे. माफ केला!”

सगळं मैदान हसलं. आबाही हसले. खाली वाकून त्यांनी ढोलकीची कडी घट्ट केली, आणि वाकल्या वाकल्या काळ्या चष्म्यावरून एकदाच माझ्या दिशेला बघितलं.

बायको माझ्याकडे वळली. “बघा. अजून कबूल करत नाय. कसला माणूस!”

मला पाणी प्यायला जायचं होतं. सवयीने मी उठलोसुद्धा. पाण्याचा पिंप मैदानाच्या टोकाला, उजवीकडे होता. मी निघालो. लोक मधून बाजूला होत होते. आणि चालता चालता माझ्या लक्षात आलं की हे माणूस दोन्ही डोळ्यांनी नीट दिसत असताना चोवीस वर्षं आंधळं म्हणवून घेत आलंय. माझ्यासाठी. आणि आज साऱ्या मैदानासमोर त्याला माफसुद्धा करून टाकलं. माझं काम आता कायमचंच झालं होतं. मी सुटलो होतो.

तिथेच मी डावीकडे वळलो. धाडस बिडस नव्हतं ते. मागे वळून पाहिलं तर बायकोची हाताची घडी दिसली, आणि स्टेजच्या पायऱ्या पिंपापेक्षा जवळ होत्या.

माइक हातात घेतला तर तो किंचाळला. मी घाबरून दूर धरला. साउंडवाल्याने मला ओळखलं. “काका,” तो पडद्याआडून म्हणाला, “आता खरंच चालू हाय.”

“कॅलेंडरवर लाल गोल होता,” मी म्हणालो. इतकंच आधी तोंडातून निघालं, आणि कोणालाच काही कळेना. म्हणून मग सगळं सांगितलं. दादांची आई, तांब्या, गोल, गोलाखाली सासरचं गाव, आणि आबांना मारलेली थाप. “यांनी मला विचारलं होतं. मी सांगितलं मोकळंय. ही चूक यांची नाही. नवरदेव मीच.”

डावीकडून कुणीतरी, “अरे, ह्यो तर आपला जावई!”

“जावई कसला, चोर हाय!”

“पावन्या, खाली बस!”

“नाय नाय, बोलू द्या! नाचवा त्याला!”

उजवीकडून आमच्या गावाने मला साथ द्यावी की नाही? तर तो मघाचाच माणूस ओरडला, “म्हणून त्या दिवशी तोंडाने बेंजो वाजवत होता!” आणि सगळं मैदान लोळलं.

दादा हसत नव्हते. ते आबांकडे बघत होते. “तू बोलला का नाय?”

आबांनी ढोलकी मांडीवर सारखी केली. “हळद लागलेल्या मानसाला कुनी काय बोलू नये, असा आपल्याकडं हाय. म्हनून त्या दिवशी गप राह्यलो. म्हनलो, हळद उतरली की ह्यो स्वतः येऊन सांगेल.” माझ्याकडे वळून, “तुझी हळद उतरायला फारच टाइम लागला रे.”

दादांनी खुर्ची उचलली, आबांच्या आणखी जवळ सरकवली, इतकी की गुडघ्याला गुडघा लागला, आणि बेंजोवर बोटं ठेवली. हळद चढवायची चाल. हळू.

पहिला फेरा. मैदानात कोणी हलेना. मी माइक धरून तसाच उभा, कुठे जावं ते कळेना. खाली बघायची हिंमत नव्हती. दुसरा फेरा सुरू झाला तेव्हा कुणीतरी खालून ओरडलं, “दंड, दंड!” आणि वडेवाल्याची रिकामी परात माझ्या हातात आली. ती कोणी दिली ते आठवत नाही. मी वाजवली. माझ्या तालाबद्दल एवढंच सांगतो, की जाणकारांनी डोळे मिटून घेतले आणि आबांनी तोंड फिरवलं.

तेवढ्यात कोणीतरी परात माझ्या हातातून ओढली. बायको. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. परात कमरेवर टेकवली, तळहात फिरवला आणि एकच थाप दिली. सासूबाईंची थाप. मी ती ऐकली नव्हती कधी, पण तीच असणार, कारण खाली माझा मेव्हणा खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि त्याने डोळ्यांवर रुमाल धरला. दुसरा फेरा तिने परातीवर पूर्ण केला. तिसऱ्याच्या तोंडाशी ती थांबली. हात वरच. आबांकडे बघत.

ढोलकी पडली.

आंगठा उशिरा पडला की वेळेवर, मला विचारू नका. बायकोने परात माझ्या पोटावर ढकलली, पदर खोचला आणि नाचली. आधी थोडंसं, जागच्या जागी. मग मुरबाडच्या बायका वर चढल्या, मग शहापूरच्या, मग कोणाच्या कुठल्या ते राहिलंच नाही. स्टेज हलायला लागलं. कंडक्टर खाली ओरडत होता, “पुढं सरका, पुढं सरका!” फेऱ्यावर फेरे झाले. तुकडा संपला तेव्हा बायकोने आबांच्या समोर उभं राहून, दम लागलेली, दोन्ही हात वर करून टाळी वाजवली. एकदा नाही. कितीतरी वेळ. मग खाली वाकून त्यांच्या पायाला हात लावला. आबा ओशाळले. म्हणाले, “उठ गो बाय. तुझ्या आईचा ताल माझ्यापेक्षा सरळ होता, असा दादा तेवाच बोललेला. परत येताना टेम्पोत, कॅसिओवाल्याला. त्यानंच मला सांगितला. त्याचाच राग जास्त आलता मला.”

सातच्या ठोक्याला माइक बंद झाला, दुसऱ्या दिवशी शाळेत परीक्षा होती म्हणून. लोक चपला शोधत होते. माझी एक सापडली, दुसरी नाही. मेव्हणा माझ्याजवळ आला. मी म्हटलं, आता हा बोलेल. त्याने वालाच्या शेंगांची पिशवी पुढे केली. मी हात पुढे केला, तर त्याने ती बायकोच्या हातात दिली आणि मला म्हणाला, “भावजी, पुढच्या वेळी घरी याल तेवा कॅलेंडर भिंतीवरनं काढून ठेवीन.”

येताना मोटारसायकलवर बायको मागे बसली होती, एक हात माझ्या खांद्यावर. नेहमी दोन्ही कमरेभोवती असतात. दुसऱ्या हातात पिशवी होती म्हणून असेल. एरवी ती शहापूरपर्यंतच सगळ्या कार्यक्रमाचा हिशेब लावून मोकळी होते, कोणाची साडी कशी, कोणाचं वजन किती. आज गप्प. मी दोन-तीनदा खाकरलो. आरशात बघितलं, तर ती बाजूला शेतांकडे बघत होती. एक पाय अनवाणी असल्याने गिअर टाकताना टोचत होतं, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

घरी आलो. तिने पिशवी ठेवली, पाय धुतले, फडताळावरची आईची परात खाली काढली, पदराने पुसली आणि जाग्यावर ठेवली. मी दारातच उभा. एका पायात चप्पल. लेकीचं लग्न ठरत आलंय, मुलगा मुरबाडकडचाच आहे, पुढच्या आठवड्यात माणसं तारीख काढायला येणार आहेत. भिंतीवर कॅलेंडर होतं. बायको त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, पानं उलटून मे महिन्यापर्यंत गेली, आणि पाठमोरीच म्हणाली,

“लेकीच्या हळदीची सुपारी मी देणार. दोघांच्याबी हातात, दोघांना समोरासमोर बसवून. तुमी नारळ घेऊन फक्त मागं उभं ऱ्हायचा. आणि कुणी काय विचारलं, तर तोंड उघडायचं नाय, शिट्टीलासुद्धा.”